न चाललेली पंधरा पावलं

मी एका माणसाला त्याच्या जागेवरून उठवलं, आणि तेही नुसतं चालून चालून. लोक दुसऱ्याच्या मुळावर येतात तेव्हा चहाड्या करतात, निनावी अर्ज लिहितात, साहेबांच्या बायकोला लोणच्याची बरणी नेऊन देतात. मी यातलं काही केलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज थोडा व्यायाम केला, एवढंच.

ही गोष्ट मी आजवर पन्नासेक वेळा तरी सांगितली असेल. बारशाला, लग्नाघरी, गाडी उशिरा असली तर फलाटावरसुद्धा. मला गोष्टी सांगायला आवडतात. नुसत्या सांगत नाही, आवाज बदलतो, मधेच उठून चालून दाखवतो, सलाम ठोकतो. पण ही गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगतो. अर्ध्यापर्यंत ती फार मजेदार आहे. तिथे लोक हसतात, आमची ही चहा टाकायला म्हणून आत निघून जाते आणि मी विषय बदलतो. आज सगळी लिहितोय, कारण कागद हसत नाही आणि त्याला चहाही लागत नाही.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी छत्तिशीचा होतो. भुसावळहून जयपूरला बदलून येऊन तीन वर्षं झाली होती. रेल्वेच्या एका कचेरीत मी रजेच्या टेबलावर कारकून होतो. कुठल्या तरी लांबच्या स्टेशनावरच्या माणसाला बहिणीच्या लग्नाला जायचं असे, आणि त्याला जाता येईल की नाही हे मी खुर्चीत बसून ठरवत असे. मला स्वतःला मात्र कुठेच जायचं नसे.

माझा दिवस सांगतो. जवाहर नगरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. सकाळी शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसायचं. कचेरीत खुर्चीत बसायचं. दुपारी डबा बसून खायचा. संध्याकाळी पुन्हा स्कूटरवर बसायचं, घरी येऊन दिवाणावर बसायचं आणि टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम बघायचा, कारण त्या वेळी तोच लागायचा. तिकडे शेतकरी भर उन्हात उभा राहून कोळपणी करतोय आणि इकडे मी लोडाला टेकून त्याची पद्धत चुकतेय असं म्हणतोय. रात्री आडवं होणं, हीच काय ती माझ्या शरीराची दिवसभरातली मोठी हालचाल.

याचा निकाल जयपूरबाहेरच्या कानोत्याच्या बांधावर, म्हणजे धरणावर, लागला. जयपुरातली आम्ही मराठी मंडळी, काही रेल्वेची, काही डॉक्टर, दोन-तीन प्राध्यापक, हिवाळ्यात एकदा तिथे सहलीला जायचो. सतरंज्या घालून पंगत बसली. मसालेभात झाला, जिलबी झाली, आग्रह झाला. सगळे हात धुवायला उठले आणि मी उठलो नाही. म्हणजे मनाने उठलो होतो, पाय आले नाहीत. एकदा हात टेकला, दोनदा टेकला. तिसऱ्यांदा गुडघ्यावर आलो आणि नमस्कार करतोय अशा पवित्र्यात पुन्हा खाली बसलो. माझी सात वर्षांची मुलगी तीन वर्षांत मराठी अर्धी विसरली होती. ती बांधावरून ओरडली, "आई, देख ना, बाबांना उठायलाच नाही होत आहे!"

शेवटी दोघांनी मला काखेत धरून, गोदरेजचं कपाट उचलतात तसं, उभं केलं. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. पण डाव्या पायाच्या अंगठ्याला आलेली बधिरता संध्याकाळपर्यंत गेली नाही, आणि घरी येताना मी बसच्या खिडकीबाहेर बघत राहिलो.

कारण माझ्या वडिलांचं अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. तेही कारकून. तेही बसूनच. आधी साखरेपायी अंगठा कापावा लागला, मग चवडा, मग घोट्याच्या वरपर्यंत पाय. ते गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांच्या चपलांचा शेवटचा जोड आईनं बरीच वर्षं ठेवला होता. उजवी चप्पल टाचेला झिजून कागदासारखी झाली होती आणि डावी कोरी करकरीत होती, दुकानातला शिक्का अजून तळाला होता. ती कोरी चप्पल मी लहानपणी खूप वेळा हातात घेऊन पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तेव्हा साखर तपासायची म्हणजे एक लहानसा नाट्यप्रयोगच होता. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. औषध उकळलं की रंग बदलायचा. निळाच राहिला तर माणूस सुटला. हिरवा म्हणजे इशारा, पिवळा म्हणजे धमकी, नारिंगीच्या पुढे विटेचा रंग आला की मग बोलायचं काही उरत नाही. माझी नळी हिरवी झाली, पिवळी झाली, आणि मी मनातल्या मनात 'थांब, थांब' म्हणत असताना नारिंगी होऊन थांबली.

डॉक्टरांनी मला विचारलं, दिवसाला किती पावलं चालता. मी हिशेब केला आणि खरं ते सांगितलं. टेबलापासून दारापर्यंत चौदा, दिवसातून दोनदा.

"आप बाबू लोग बीमारी से नहीं मरते, कुर्सी से मरते हो," ते म्हणाले. "चलो. दवा बाद में देखेंगे."

पहाटे फिरायला जाऊन पाहिलं. दोन दिवस. पहिल्या दिवशी कॉलनीतल्या कुत्र्यांनी मला टेकडीपर्यंत पोचवलं आणि परतही आणलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तरी ती फाटकाशी येऊन वाट बघत बसली होती. संध्याकाळी अंगात त्राण नसे. आठवडाभर मी नुसता अंगठा चेपत बसलो आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की चालायचं काम आमच्या कचेरीत भरपूर आहे. फक्त ते दुसरा माणूस करतो.

तो दुसरा माणूस म्हणजे काकोसा. आमच्या विभागाचे शिपाई. पंचावन्न वर्षांचे, काटकुळे, डोक्याला पांढरा साफा, पोटऱ्या सुंभाच्या दोरासारख्या पिळदार. दाराशी त्यांचं स्टूल असे, पण स्टुलावर ते कधी दिसत नसत, त्यांची पाण्याची बाटलीच दिसे. आम्हा आठ कारकुनांच्या टेबलांवर आठ पितळी घंट्या होत्या. तळव्यानं दाबली की टण्ण व्हायचं. आठही घंट्यांचा आवाज त्यांना वेगवेगळा ओळखू यायचा. मान वर न करता ते नेमके त्या टेबलाशी येऊन उभे राहात. कागद एका विभागातून दुसरीकडे जायचा तो त्यांच्याच हातून. आधी डाकबहीत नोंद करायची, ती वही आणि कागद त्यांनी न्यायचा, घेणाऱ्यानं वहीत सही करायची, मग त्यांनी वही परत आणायची. पुढचं टेबल, पुढची घंटी. दिवसभरात त्यांचे पाच-सहा कोस सहज होत असतील.

ते चौमूं गावाहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं येत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. ती संध्याकाळची गाडी त्यांनी चुकवलेली मी कधी पाहिली नाही. घरी बायको होती, तिची दृष्टी गेलेली. मूलबाळ नाही. सकाळी तिला भाकरी करून देऊन ते निघत, दुपारी शेजारीण बघे, आणि संध्याकाळी स्टेशनात गाडीची शिट्टी झाली की ती चाचपडत जाऊन दाराची कडी काढून ठेवी. हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्यामुळे पाच वाजून गेल्यावर आमच्यातला कोणी घंटी वाजवत नसे. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, साहेबांचा निरोप असला तरी तो उद्यावर ढकलत. ही त्या खोलीतली न लिहिलेली रजा होती, आणि ती मंजूर करायला माझी सही लागत नसे.

तर मी घंटी वाजवणं बंद केलं. कागद तयार झाला की स्वतः उठायचं आणि नेऊन द्यायचा. आवक-जावक विभाग एकशे वीस पावलं. बिलांची खोली, जिन्यानं वर, अडीचशे. लांबच्या व्हरांड्याच्या टोकाला जुनं दफ्तर, तिथे जाऊन यायचं म्हणजे सहाशे. पहिल्या दिवशी मी उठलो तसे काकोसा धावत आले आणि कागदाला हात घातला.

"यो म्हारो काम छै, बाबूजी."

मी त्यांना नळीचा प्रयोग सांगितला, वडिलांचा पाय सांगितला. त्यांनी माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि कागद सोडला. मग हसत म्हणाले, "आप ही चलोगे तो मैं क्या करूँगा?"

आता इथे मी पाहुण्यांना उभं राहून दाखवतो. मी कंबरेत वाकलो, त्यांचा हात धरला, स्टुलावरची बाटली खाली ठेवली आणि एखाद्या राजाला गादीवर बसवावं तसं त्यांना स्टुलावर बसवलं. म्हटलं, काकोसा, तुम्ही आयुष्यभर चाललात, आता आमची पाळी. अख्खी खोली हसली. काकोसाही हसले. पुढे मी त्यात भर घातली. माझ्याच टेबलावरची घंटी मी दाबायचो, उठून दाराबाहेर जायचो, मग आत येऊन माझ्या रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकायचो, "जी, हुजूर" म्हणायचो आणि फाइल काखेत मारून निघायचो. दुसऱ्या खोल्यांतले लोक बघायला येत. महिन्याभरात आणखी चौघांना हे वेड लागलं. कोणाला पोट होतं, कोणाची कंबर धरली होती, आणि एकाला नुसतीच मजा वाटली. कागद हातोहात फिरू लागले. हातोहात गेलेल्या कागदाची कोण नोंद करत बसतो? डाकबही टेबलावर पडून राही.

नळी आणि दिवा मी घरीच आणून ठेवले होते; माझी नळी मार्चमध्ये पिवळी झाली आणि पावसाळ्यापर्यंत हिरव्यावर आली. जूनच्या लूमध्ये, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात, सगळे कूलरसमोर ठाण मांडून बसत तेव्हा मी तापलेल्या व्हरांड्यात फाइल घेऊन हिंडत होतो. बायकोनं मला नवी चप्पल आणली. दोन्ही पायांच्या टाचा सारख्या झिजतायत हे मी तिला उलटी करून दाखवायचो.

इथे पाहुणे हसतात आणि ही आत जाते.

आता उरलेलं.

मी ज्याला आराम म्हणत होतो तो काकोसांना मानवला नाही. ते स्टुलावर बसू लागले. पहिले काही दिवस दर टण्णला उठत, आणि उठल्यावर बघत तर मी स्वतःलाच बोलावलेलं असे. मग ते उठेनासे झाले. आठही घंट्या चिंचेनं घासून लख्ख करायचं त्यांनी मनावर घेतलं. तेही संपलं. दुपारनंतर त्यांचे घोटे सुजत, ते मोजडीतून पाय काढून चोळत बसत. मी शेजारून फाइल घेऊन जाताना हे पाहिलेलं आहे. एकदा नाही, रोज. माझ्या मनात यायचं, वय झालं.

दिवाळीच्या आधी दोन तपासनीस आले. असे लोक दर काही वर्षांनी येत. कुठल्या विभागात माणसं जास्त आहेत आणि काम कमी, हे मोजणं त्यांचं काम. दोन आठवडे बसायचं, बघायचं, लिहायचं आणि शेवटी एखादी जागा उडवायची. पाण्याच्या माठाशेजारी त्यांना टेबल दिलं. माझ्या टेबलापासून बरोबर पंधरा पावलं. मला पावलं मोजायची सवयच लागली होती.

मला वाटलं, हे कारकुनांचा आळस मोजायला आलेत. मग काय, मी नेहमीपेक्षा दुप्पट चाललो. ताठ मानेनं, त्यांच्या टेबलावरून. अकराच्या सुमारास त्यातल्या एकानं गेल्या वर्षभराची डाकबही मागितली. बडे बाबू साहेबांकडे गेले होते. काकोसा स्टुलावरून उठायच्या आत मी उठलो, कपाटातून वही काढली, तिच्यावरची धूळ माझ्या रुमालानं पुसली आणि नेऊन दिली. वर म्हटलं, आणखी काही लागलं तर सांगा, मी आणून देतो.

बडे बाबू परतले, त्यांनी माठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला जवळ बोलावून खालच्या आवाजात विचारलं, वही कोणी दिली. मी म्हटलं, मी.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. "बही में आधे पन्ने कोरे पड़े हैं," ते म्हणाले. "काग़ज़ पर काकोसा आठ महीने से चले ही नहीं हैं."

मला ते कळायला वेळ लागला नाही. खरं तर मला ते फेब्रुवारीतच कळायला हवं होतं. काकोसांनी हसत हसत तेच विचारलं होतं.

त्या दुपारपासून खोलीत आठही घंट्या वाजू लागल्या. मीही वाजवली, तळवा लाल होईपर्यंत. आम्ही काकोसांना कोऱ्या फायली देऊन खालीवर पाठवत होतो, एकाच पत्राच्या चार नोंदी करत होतो. आणि काकोसा! त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, काम परत आलं. त्यांनी साफा नवीन बांधला. सुजलेल्या पायांनी ते जिने चढत होते आणि प्रत्येक टेबलाशी येऊन हसत होते. माझ्याशी आले तेव्हा म्हणाले, चला, बाबूजींना एकदाचा कंटाळा आला चालायचा.

पण बडे बाबूंना माहीत होतं की दोन आठवड्यांची टणटण आठ महिन्यांच्या कोऱ्या पानांना पुरी पडणार नाही. त्यांनी मला एक उपाय सांगितला. सोपा होता. एक कागद लिहून द्यायचा. मला साखरेचा आजार आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी आठ महिने कागद स्वतः नेत होतो, माझं बघून इतरांनीही नेले, म्हणून वहीत नोंदी कमी आहेत. शिपायाचं काम होतं तेवढंच आहे. बाकी ते बघून घेणार होते. "पंद्रह क़दम पर बैठे हैं," ते म्हणाले. "जाकर दे दो."

मी कागद लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. लिहून झाल्यावर वाचला आणि 'साखरेचा आजार' या शब्दांपाशी अडलो. त्या थंडीत बढतीची यादी निघणार असं सगळे म्हणत होते. माझा नंबर लागण्यासारखा होता. आजाराचा कागद एकदा माझ्या नोकरीच्या फायलीत जाऊन बसला की तो मी निवृत्त होईपर्यंत तिथेच बसणार. कागदाला चालायला सांगणारा डॉक्टर नसतो. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. उद्या देऊ.

घरी हिला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "द्या ना मग. त्यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही. तिचा कणकेतला हात थांबला.

दुसऱ्या दिवशी ते दोघे चहा पीत होते, चहाच्या वेळी कसं जाणार? त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ साहेब उभे होते. एक दिवस मी उठून चार पावलं गेलो आणि पाणी प्यायचं नव्हतंच म्हणून परत आलो. जून महिन्यात व्हरांड्याच्या टोकापर्यंत सहाशे पावलं जाऊन येणारा माणूस मी! पंधरा पावलं. कोणी हाकलणार नव्हतं, कोणी ओरडणार नव्हतं. मी त्या दोन आठवड्यांत बसलो तसा उभ्या आयुष्यात बसलेलो नाही. दर तासाला ड्रॉवर उघडायचा, कागद आहे ना बघायचं, बंद करायचा. शेवटच्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी कागदपत्रांना फीत बांधली. बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवरमध्ये बघत होतो. मान वर केली तेव्हा माठाशेजारचं टेबल रिकामं होतं.

दिवाळी झाल्यावर हुकूम आला. आमच्या विभागाला शिपायाची गरज नाही. काकोसांना दुसऱ्या लाईनवरच्या एका लहानशा स्टेशनावर पाठवण्यात आलं, जिथून आठवड्यातून एकदाच चौमूंला येता येईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बडे बाबूंनी अर्ज केले, स्वतः दोनदा मोठ्या साहेबांना भेटले. माझ्यासमोरून जात होते, येत होते.

जायच्या दिवशी काकोसा प्रत्येक टेबलाशी आले. माझी घंटी त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं पुसली. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "चलता हूँ, बाबूजी. पाँव का ध्यान रखना."

त्यांना कागदाचं माहीत होतं का? मला सांगता येत नाही. इतकी वर्षं मी ते वाक्य सगळ्या आवाजांत म्हणून पाहिलंय. आवाज काढण्यात मी तरबेज आहे. एकाही आवाजात त्याचा अर्थ लागत नाही.

बढतीची यादी त्या थंडीत निघालीच नाही.

आता विभागात शिपाई नव्हता, तेव्हा सगळ्यांना आपापले कागद न्यावेच लागत. माझ्या पायांना खरं तर सुगीच होती. पण दाराशी ते स्टूल तसंच होतं. कोणी हलवलं नाही. प्रत्येक कागद न्यायचा म्हणजे त्याच्या शेजारून जायचं, येताना पुन्हा शेजारून यायचं. मी कागद साठवू लागलो. दिवसाचे एकदम नेऊ, मग दोन दिवसांचे एकदम. फेब्रुवारीत नळी पुन्हा नारिंगी झाली. हिनं दिवा विझवला आणि नळी धुऊन ठेवली.

मग कळलं की काकोसांनी नोकरी सोडली. झालं असं की ते नसले तरी संध्याकाळची गाडी नसायची थोडीच. शिट्टी रोज व्हायची आणि त्यांची बायको रोज जाऊन कडी काढायची. वीस वर्षांची सवय. कडी काढून ती उंबऱ्यावर बसून राहायची. एका संध्याकाळी वाट बघून आत यायला उठली आणि पायरीवरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा निरोप स्टेशनावर पोचला, आणि काकोसांनी तिथेच राजीनामा लिहून दिला. म्हणजे कोणाकडून तरी लिहून घेतला.

एका रविवारी दुपारी मी बसनं चौमूंला गेलो. बाजारातून घर विचारत विचारत. खिशात तो कागद होता. चार घड्या घातलेला. तो त्यांना दाखवायचा, वाचून दाखवायचा, आणि मग त्यांनी जे काय म्हणायचं ते ऐकायचं, असं मी बसमध्ये ठरवलं होतं. संवादसुद्धा पाठ केले होते.

काकोसा अंगणात खाटेवर बसले होते. साफा नव्हता. केस इतके पांढरे असतील असं मला वाटलं नव्हतं. पाय खाली सोडलेले, घोटे मडक्यासारखे. आतल्या अंधाऱ्या खोलीत कोणीतरी अंथरुणावर होतं. मला बघून त्यांना आनंद झाला. खरंच झाला. बडे बाबू कसे आहेत, मुलगी कितवीत गेली, सगळं विचारलं. मग ते खाटेच्या कडेला हात टेकून उठू लागले, मला पाणी द्यायला. एकदा टेकला, दोनदा टेकला. मी ताडकन उभा राहिलो, तुम्ही बसा म्हटलं, आणि माठाच्या दिशेनं दोन पावलं गेलोही.

"आज भी आप ही चलोगे, बाबूजी?"

ते हसत होते.

मी परत येऊन खाटेवर बसलो. ते तिसऱ्या खेपेला उठले. माठापर्यंत अकरा पावलं. पेला भरून परत येताना चौदा लागली, कारण सांडू नये म्हणून ते लहान टाकत होते. मी मोजली. बसल्या जागेवरून मोजली आणि उठलो नाही. पेला घेतला आणि पाणी प्यायलो. माठाचं गार पाणी होतं.

कागद खिशातच राहिला.

ऊन भिंतीवर चढलं होतं. स्टेशनाकडून संध्याकाळच्या गाडीची शिट्टी आली. आतल्या अंथरुणावर हालचाल झाली, कोणाचा तरी हात भिंतीवर चाचपडला, आणि बाईचा आवाज आला.

"आ ग्या कांई?"

काकोसा माझ्यासमोर उभे होते. त्यांनी दाराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं उत्तर दिलं, "हां, आ ग्यो." मग रिकामा पेला घ्यायला त्यांनी माझ्यापुढे हात केला.